पंधरा रुपयांचा परवाना आणि दहा रुपयांचा अर्ज

पोस्ट लांब आहे, निवांत असाल तेव्हा वाचा. पण वाचाच, कारण विषय आपल्या सगळ्यांच्या पैशाचा आहे आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक खाली काढली. जुनी पासबुकं, कर्जाच्या पावत्या आणि त्यात एक छोटं पुस्तक. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, रेडिओचं लायसन्स. दरवर्षीचं तिकीट चिकटवलेलं आणि त्यावर पोस्टाचा गोल शिक्का. मुलीला दाखवलं तर ती हसायलाच लागली. "बाबा, रेडिओ ऐकायला लायसन्स?"

हो, लागायचं. १९३३ च्या वायरलेस कायद्यानुसार परवान्याशिवाय घरात रेडिओ ठेवणं हा गुन्हा होता. साध्या घरगुती रेडिओला वर्षाला पंधरा रुपये. पोस्टात जाऊन भरायचे. ज्या काळात पंधरा रुपयांत घरात बरंच काही यायचं, तेव्हाची ही गोष्ट. अण्णा रांगेत उभे राहून भरायचे, एक वर्षसुद्धा चुकवलं नाही. ही फी १९८५ मध्ये रद्द झाली.

हे पुस्तक सापडलं त्याच आठवड्यात शेजारचे काका विचारत आले, "अरे, आपल्या स्टेशनचा संध्याकाळचा शेतीचा कार्यक्रम कुठं गेला? दुसरीकडचंच काहीतरी लागतंय." मी ऐकून पाहिलं. खरंच गेला होता. आपल्या तालुक्यांतल्या शेतकऱ्यांच्या मुलाखती, बाजारभाव, आपल्या बोलीतल्या गप्पा, सगळं बंद. त्या वेळेला दुसऱ्या शहरातून येणारं सहक्षेपण. केंद्राचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण तिथली माणसं भली आहेत आणि निर्णय त्यांचा नव्हता. फोन केला तर उत्तर एकच, "वरून आलंय."

वरून म्हणजे कुणाकडून? का? कुणाला विचारून? या तीन प्रश्नांच्या मागे लागलो आणि जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास वाचायला लागला. तो सांगतो, आणि माझ्या अर्जाचं काय झालं ते शेवटी सांगतो.

सुरुवात आपल्या मुंबईत झाली. २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. उद्घाटनाला व्हाईसरॉय लॉर्ड आयर्विन. महिन्याभरात कलकत्ता केंद्र. कंपनी खासगी होती आणि तिचं पोट ऐकणाऱ्यांच्या परवाना फीवर. तेव्हा फी वर्षाला दहा रुपये, त्यातले आठ कंपनीला. पण रेडिओ घेणारी माणसं थोडी, चोरून ऐकणारी बरीच. तीन वर्षं व्हायच्या आत, १९३० मध्ये कंपनी बुडाली. एप्रिल १९३० मध्ये सरकारनं रेडिओ ताब्यात घेतला आणि जून १९३६ मध्ये त्याचं नाव ऑल इंडिया रेडिओ झालं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पैसे ऐकणाऱ्याचे, पण मालक आधी कंपनी, मग इंग्रज सरकार. ऐकणाऱ्याला हिशेब मागायची सोय पहिल्या दिवसापासून नव्हती. स्वातंत्र्य आलं, मालक बदलला, पण सोय काही आली नाही. आकाशवाणी हे दिल्लीतल्या एका मंत्रालयाचं खातं होतं, बस्स.

उदाहरण घ्या. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले बाळकृष्ण केसकर. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे जाणकार. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. शास्त्रीय संगीताला मोठं व्यासपीठ मिळालं हेही खरंच, त्याबद्दल त्यांचं ऋण मानायला हवं. पण लोकांना विचारलं होतं का? नाही. विचारायची जागाच नव्हती. मग लोकांनी काय केलं? रेडिओची सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावला. आपल्या देशाला परवान्याचे पैसे भरून माणसं शेजारच्या देशाचं स्टेशन ऐकत होती. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये विविध भारती सुरू झाली आणि गाणी परत आली. पाच वर्षं लागली. तक्रारीचं एखादं दार असतं तर कदाचित पाच महिन्यांत झालं असतं.

सरकारलाही हे जाणवत होतं. १९६४ मध्ये एक समिती नेमली, अध्यक्ष अशोक चंदा. हे गृहस्थ देशाचे महालेखापाल राहिलेले, म्हणजे आयुष्यभर सरकारी हिशेब तपासलेला माणूस. १९६६ मध्ये त्यांच्या समितीनं सांगितलं की रेडिओ मंत्रालयातून बाहेर काढा आणि त्याला स्वतंत्र महामंडळ करा. सरकारनं ते मानलं नाही.

मग आणीबाणी आली. तेव्हा आकाशवाणीचं काय झालं, हे आपल्या घरातल्या मोठ्यांना विचारा. मी एकच गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या विषयाला थेट लागू पडते. १९७६ च्या मे महिन्यात किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून अचानक बंद झाली. का? तर सरकारच्या वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचारात त्यानं सहकार्य केलं नाही, म्हणून. ऐकणाऱ्यांना कुणी काहीच सांगितलं नाही. सूचना नाही, खुलासा नाही. अण्णा सांगायचे, "आम्हाला वाटलं तबकडी खराब झाली असेल." खरं कारण आणीबाणी उठल्यावर शाह आयोगासमोर आलं.

मला यातली बंदीपेक्षाही एक दुसरी गोष्ट खटकते. बंदी घालायला एक तोंडी किंवा आतल्या आत फिरलेला हुकूम पुरला. तो हुकूम कुणाला दिसायची गरज नव्हती, कारण तसा कायदाच नव्हता.

१९७७ मध्ये सरकार बदललं. नव्या सरकारनं आधी माध्यमांच्या गैरवापरावर श्वेतपत्रिका काढली आणि मग संपादक बी. जी. वर्गीज यांची समिती नेमली. त्यांनी १९७८ च्या फेब्रुवारीत अहवाल दिला, की रेडिओ-टीव्हीसाठी 'आकाश भारती' नावाचा राष्ट्रीय विश्वस्त न्यास करा. म्हणजे मालक जनता, सरकार नाही. १९७९ मध्ये विधेयक आलं, तेही समितीनं सांगितलं होतं त्यापेक्षा पातळ करून. आणि लोकसभाच विसर्जित झाली. विषय संपला.

पुन्हा सरकार बदललं, तेव्हा १९९० मध्ये प्रसार भारती कायदा झाला. आता हा कायदा नीट बघा, कारण यात आपल्यासाठी काय लिहिलंय ते फार कमी लोकांना माहीत आहे. मलाही नव्हतं.

कलम १२ मध्ये या संस्थेनं काय करायचं ते दिलंय. नागरिकांना खरी आणि निःपक्ष माहिती मिळण्याचा हक्क जपायचा. शेती, ग्रामीण विकास, शिक्षण, आरोग्य यांकडे खास लक्ष द्यायचं. वेगवेगळ्या प्रदेशांच्या भाषा आणि संस्कृतीला पुरेशी जागा द्यायची. म्हणजे आमच्या काकांचा शेतीचा कार्यक्रम ही कुणाची मेहेरबानी नाही. संसदेनं सोपवलेलं काम आहे ते.

कलम १३ मध्ये २२ खासदारांची समिती सांगितली, लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७. तिनं संस्था कायद्याप्रमाणे चालते की नाही ते बघायचं.

कलम १४ आणि १५ तर आपलंच. प्रसारण परिषद. यात सार्वजनिक जीवनातली नामवंत माणसं आणि काही खासदार. कुणीही नागरिक या परिषदेकडे तक्रार करू शकेल, की हा कार्यक्रम किंवा संस्थेचा हा कारभार कायद्यातल्या उद्दिष्टांना धरून नाही. तक्रार योग्य वाटली तर परिषद संस्थेला सल्ला देईल. आणि परिषदेला वाटलं तर तिची शिफारस रेडिओवरून वाचून दाखवायलाही लावू शकेल. विचार करा, आपली तक्रार आणि तिच्यावरचा निकाल त्याच स्टेशनवरून सगळ्यांना ऐकू येणार!

आणि कलम २३. सरकारला देशाची सुरक्षा किंवा सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी एखादी गोष्ट लावा किंवा लावू नका असा आदेश देता येतो. पण अशा प्रत्येक आदेशाची प्रत संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावी लागते. शिवाय, हे आम्ही सरकारच्या आदेशावरून लावतोय, असं संस्थेला वाटलं तर ती जाहीर करू शकते. किशोरकुमारची गोष्ट आठवा आणि हे कलम पुन्हा वाचा. आणीबाणीतून शिकलेला धडा या कलमात दिसतो. हुकूम द्या, पण लपवून नको.

हिशेबाचंही लिहिलंय. दरवर्षी महालेखापालांकडून तपासणी आणि वार्षिक अहवाल संसदेपुढे.

एवढा चांगला कायदा झाला आणि... सात वर्षं कपाटात राहिला. लागूच केला नाही.

मधे एक क्रिकेटची मॅच आली. १९९३ च्या हिरो कपचं प्रक्षेपण कुणी करायचं, यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार भांडत सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९९५ मध्ये निकाल लागला. त्या खंडपीठावर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. न्यायालयानं सांगितलं की रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. तिचं नियंत्रण समाजातल्या सगळ्या थरांचं प्रतिनिधित्व करणाऱ्या स्वतंत्र सार्वजनिक यंत्रणेकडे हवं. अण्णांच्या पंधरा रुपयांना कायद्याच्या भाषेत इतक्या वर्षांनी उत्तर मिळालं. तोवर परवाना पद्धत बंद होऊन दहा वर्षं झाली होती.

नोव्हेंबर १९९७ मध्ये प्रसार भारती अखेर अस्तित्वात आली. मंडळ बसलं, मुख्य कार्यकारी अधिकारी नेमले गेले, नोकरवर्ग आला. पण खासदारांची समिती? प्रसारण परिषद? कलमं पुस्तकात आहेत, खुर्च्या मात्र भरल्याच नाहीत. कायद्याचा वरचा अर्धा भाग, म्हणजे सरकारला, संसदेला, महालेखापालांना उत्तर देणारा, चालू झाला. खालचा अर्धा भाग, म्हणजे तुम्हाला-मला उत्तर देणारा, तसाच राहिला.

मला या सगळ्या इतिहासातून दिसलं ते एवढंच. आपल्याकडे सार्वजनिक रेडिओनं नेहमी वर बघून उत्तर दिलं. खाली, ऐकणाऱ्याकडे बघून उत्तर द्यायची सवय त्याला कुणी लावलीच नाही.

यावर कुणी म्हणेल, रेडिओनं कुठे ऐकणाऱ्याला हिशेब द्यायचा असतो का? म्हणून जरा बाहेरचं बघितलं. अमेरिकेत सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचा कायदा १९६७ चा. तिथे सरकार स्टेशन चालवत नाही. विद्यापीठं आणि ना-नफा संस्था चालवतात आणि केंद्र सरकारचं अनुदान एका महामंडळामार्फत त्यांना मिळायचं. पुढे कायद्यात अटी आल्या. अनुदान हवं ना? मग स्टेशनच्या संचालक मंडळाच्या बैठका लोकांना खुल्या ठेवा आणि आधी तारीख जाहीर करा. तपासलेले हिशेब कुणीही येऊन बघेल असे ठेवा. आणि ज्या स्टेशनचा परवाना सरकारी संस्थेकडे नाही, त्यानं गावातल्या लोकांचं एक सल्लागार मंडळ नेमायचं. या मंडळाला रोजच्या कारभारात ढवळाढवळ करता येत नाही, पण स्टेशन आपल्या लोकांच्या गरजा भागवतंय का, हे ते सांगू शकतं.

याशिवाय तिथे सगळ्याच प्रसारण केंद्रांना एक सार्वजनिक फाइल ठेवावी लागते. दर तीन महिन्यांनी त्यात लिहायचं की आमच्या भागातले प्रश्न कोणते आणि त्यावर आम्ही कुठले कार्यक्रम केले. ही फाइल आता ऑनलाइन असते, घरबसल्या उघडून बघा.

अटी असल्या म्हणजे सगळे साधू होतात असं नाही. १९९९ मध्ये बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या नामांकित स्टेशननं देणगीदारांच्या याद्या एका राजकीय पक्षाला दिल्याचं उघड झालं. एका आईनं आपल्या लहानग्या मुलाच्या नावानं देणगी दिली होती, आणि त्या पोराच्याच नावानं पक्षाचं निधी मागणारं पत्र घरी आलं! बोभाटा झाला. मग नियम आला, की देणगीदारांच्या याद्या राजकीय पक्षांना द्यायच्या नाहीत आणि तो पाळल्याचं स्टेशननं लिहून द्यायचं. चूक झाली, उघड झाली, नियम आला. पारदर्शकता म्हणजे दुसरं काय असतं?

पण त्या गोष्टीचा शेवटही ऐका. २०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकी संसदेनं त्या महामंडळाचे दोन वर्षांचे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले आणि ऑगस्टमध्ये महामंडळानं गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. आता बघा, खुल्या बैठका, खुले हिशेब, सल्लागार मंडळ या अटी अनुदानाला बांधलेल्या होत्या. अनुदानच गेलं तर अटीचा दोर कशाला बांधणार? सरकारी फाइलचा नियम राहिला, पण अनुदानाबरोबरचा धाक गेला.

आणि इथेच आपली बाजू थोडी वर आहे, हे मला आनंदानं सांगावंसं वाटतं. आपल्याकडे २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्रात तर त्याच्याही आधी राज्याचा कायदा होता, त्यासाठी आपल्याच लोकांनी उपोषणं केली. हा हक्क कुठल्या अनुदानाला बांधलेला नाही. तो नागरिकाला बांधलेला आहे. आकाशवाणी या कायद्याखाली येते.

या कायद्यातलं कलम ४ बहुतेकांना माहीत नसतं. आपण समजतो अर्ज केला की माहिती मिळते. पण कलम ४ म्हणतं, अर्जाची वाट बघूच नका, स्वतःहून सांगा. त्यात तीन गोष्टी आपल्या कामाच्या. एक, धोरण ठरवताना किंवा राबवताना लोकांशी सल्लामसलत करायची काही व्यवस्था असेल तर ती जाहीर करा. दोन, लोकांवर परिणाम करणारा महत्त्वाचा निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सगळी तथ्यं प्रसिद्ध करा. तीन, ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना निर्णयाची कारणं सांगा.

कारणं सांगा. "वरून आलंय" हे कारण नाही, तो फक्त पत्ता आहे. तोही अर्धा.

आता माझ्या अर्जाची गोष्ट. पहिला अर्ज मी मूर्खासारखा केला. आपल्या तहसीलला करतो तसा दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि पाठवला. परत आला. राज्याच्या कार्यालयांना स्टॅम्प चालतो, केंद्राच्या कार्यालयांना नाही. तिथे पोस्टल ऑर्डर लागते किंवा केंद्राच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर पैसे भरायचे. दुसऱ्यांदा ऑनलाइन केला. दहा रुपये.

चार प्रश्न विचारले. कार्यक्रम बंद करण्याच्या आदेशाची प्रत द्या. निर्णयाआधी श्रोत्यांची मतं घेतली असतील तर त्याची नोंद द्या. गेल्या तीन वर्षांत या केंद्रावर स्थानिक कार्यक्रमांचे तास किती होते, वर्षवार द्या. आणि संबंधित फाइल प्रत्यक्ष बघू द्या.

सव्विसाव्या दिवशी उत्तर आलं. तासांचा तक्ता मिळाला, आणि तो बघून वाईट वाटलं. दरवर्षी थोडे थोडे कमी होत गेले होते. आपल्याला फक्त शेवटचा कार्यक्रम गेलेला कळला. आदेशाबद्दल लिहिलं होतं, "वरिष्ठ कार्यालयाशी संबंधित." श्रोत्यांच्या मतांबद्दल, "अशी नोंद उपलब्ध नाही." मी पहिलं अपील केलं आणि आदेशाची प्रत मिळाली. एक पान. कारण एक ओळीचं, तेही मोघम.

फाइल बघायलाही गेलो. पहिला तास फुकट असतो, पुढच्या प्रत्येक तासाला पाच रुपये. तिथल्या बाईंनी खुर्ची दिली, चहाही दिला. फाइलमध्ये त्या एका पानाशिवाय फारसं काही नव्हतं. निघताना त्या हळूच म्हणाल्या, "बरं केलंत विचारलंत. आम्हाला आतून विचारता येत नाही."

कार्यक्रम परत आला का? नाही. अजून नाही. खोटं कशाला सांगू. पण आता मला माहीत आहे की निर्णय कुठे झाला, कुठल्या तारखेला झाला आणि श्रोत्यांना न विचारता झाला. हे तीनही मुद्दे आता लेखी आहेत. अण्णांकडे फक्त पावती होती.

कुणी म्हणेल, एका कार्यक्रमासाठी एवढा खटाटोप? तर जून २०२३ आठवा. पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवायचा आदेश निघाला होता. पुण्यात ओरड झाली, नेत्यांनी पत्रं लिहिली, आणि तेव्हाचे मंत्री अनुराग ठाकूर यांनी आदेशाला स्थगिती दिली. चांगलं झालं. पण ते पुणं होतं. तिथे वर्तमानपत्रं आहेत, पुढारी आहेत, ओळखी आहेत. आपल्यासारख्या गावांचं स्टेशन गप्प झालं तर ओरडणार कोण? म्हणूनच नियम हवेत. ज्याचा आवाज मोठा नाही, त्याला नियमाचाच आधार असतो.

आणि पैसा नाही असं कुणी सांगू नये. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रानं प्रसार भारतीच्या यंत्रणा सुधारण्यासाठी २,५३९.६१ कोटींची योजना मंजूर केली. नवे ट्रान्समीटर, नवी उपकरणं, सगळं स्वागतार्ह. पण मोठा ट्रान्समीटर आणि त्यावरून दुसऱ्याच गावाचा आवाज, याला काय करायचं?

आपल्याच राज्यात वेगळं उदाहरणही आहे. साताऱ्यातल्या म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी ऐका. सामुदायिक रेडिओ. १९९५ च्या त्याच निकालानंतर हळूहळू ही वाट उघडली. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये सामाजिक संस्थांना परवानगी मिळाली. अटी कडक आहेत. निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून करायचे आणि प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवायचा, कुणी विचारलं तर दाखवायला. आता सांगा, शंभर वॅटच्या छोट्या स्टेशनला लेखी अट घालता येते की निम्मं स्थानिक हवं, तर मोठ्या सरकारी केंद्राला तशी स्पष्ट अट का नको?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. प्रसारण परिषद नेमा, कायद्यात आहेच. प्रादेशिक परिषदांचीही त्यात सोय आहे, महाराष्ट्रासाठी एक करा. प्रत्येक केंद्रानं दर तीन महिन्यांनी एक पान प्रसिद्ध करावं, की स्थानिक कार्यक्रम किती तास झाले, कोणते बंद केले आणि का. एकच पान. ते लिहायला कुठल्या नव्या कायद्याची गरज नाही, कलम ४ पुरेसं आहे.

तोवर आपण काय करायचं? आपल्या जवळच्या केंद्राला दहा रुपयांचा एक अर्ज करा. प्रश्न थोडे आणि नेमके ठेवा. कोर्ट फी स्टॅम्प लावू नका. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा, त्याला फी नाही. तिथेही नाही झालं तर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे जा. आणि केंद्रातल्या माणसांशी नीट बोला. ती आपलीच माणसं आहेत, बहुतेक वेळा आपल्याइतकीच अंधारात.

अण्णांचं पुस्तक आता मी फाइलमध्ये लावलंय, माझ्या अर्जाच्या उत्तरासोबत. त्यांनी वर्षानुवर्षं पैसे भरले आणि कधी विचारलं नाही, कारण विचारायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. आपल्याला आता माहीत आहे.

तुमच्या भागातल्या केंद्राचा कुठला कार्यक्रम बंद झाला, कधी झाला, कमेंटमध्ये लिहा. मी यादी करतोय. पुढचा अर्ज त्या यादीवरूनच करणार आहे. आणि कुणाकडे जुनं लायसन्सचं पुस्तक असेल तर फोटो टाका, पोरांना दाखवायला बरं.